सव्वादोन दिवसांचं वर्ष

माझे वडील पाटबंधारे खात्यात मोजणीदार होते. शहापूरच्या बाजूला एका नदीवर पुलाच्या खांबाला आकडे रंगवलेली पट्टी होती. पाणी त्या पट्टीवर कुठवर आलंय ते वाचायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा, पावसाळ्यात दर तासाला. आमचं घर मुरबाड तालुक्यात, म्हसा ओलांडून सिद्धगडाकडे जाताना लागतं. त्यामुळे पावसाचे चार महिने बाबा नदीकाठच्या चौकीतच मुक्कामाला असायचे. नव्वद सालानंतर मी शहापूरला कॉलेजात गेले, तेव्हा मीही बऱ्याचदा त्या चौकीत राहिले. एक खाट, एक स्टोव्ह, खिळ्याला टांगलेली छत्री आणि खात्याची जाडजूड वही, एवढाच संसार.

बाबांना आकडा वाचताना बघत राहावंसं वाटे. पट्टीवर लाट आपटत असली की ते घाई करत नसत. एकदा वाचत, थांबत, पुन्हा वाचत, मग तिसऱ्यांदा वाचून मधला आकडा लिहीत. शेवटच्या रकान्यात शेरा असे : 'वारा', 'ओंडका अडकला', 'पट्टीला शेवाळ'.

"हा शेरा वाचतं कोण?" मी एकदा विचारलं.

"कोण नाय वाचत," बाबा म्हणाले. "आकडा चुकल्याचा संशय आला का मग वाचतात."

पुढे मी बी. एड. केलं आणि शहापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले. आठवडाभर शहापूरला भाड्याची खोली, शनिवारी दुपारी एसटीनं घरी. नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका रविवारी पेपरच्या आतल्या पानावर छोटीशी बातमी वाचली. दूरच्या एका ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह सरकताना तारा किंचित मंद झाला, आणि ते मंद होणं शास्त्रज्ञांनी मोजलं. ग्रह स्वतः कुणाला दिसला नव्हता. ताऱ्याचा उजेड किती आणि वेळ किती याचा आलेख काढला, तर त्यात पसरट बशीसारखा खड्डा पडला होता. ग्रह असल्याचा पुरावा तेवढाच.

मी ती बातमी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली. ते ओटीवर वाल सोलत बसले होते.

"किती कमी झाला उजेड?"

"शंभरातला दीड-दोन भाग."

सोलायचं थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आनि मधेच पातळ ढग आला तर? उजेड ग्रहानं खाल्ला का ढगानं, ते यांना कसं समजलं?"

मला लाज वाटली, कारण मी पदार्थविज्ञानाची पदवीधर होते आणि हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता.

उत्तर मिळालं ते चार-पाच वर्षांनी. मुंबई-ठाण्याचे हौशी आकाशनिरीक्षक मुरबाडजवळ एका शेतावर महिन्यातून एकदा जमायचे, कारण तिकडून आकाश काळं मिळायचं. कळलं तशी मी जायला लागले. तिथे ठाण्याचे एक काका भेटले. कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांच्याकडे चार इंची दुर्बीण होती आणि तिला लावायचा, फक्त उजेड मोजण्यासाठी बनवलेला कॅमेरा होता. मी बाबांचा प्रश्न त्यांना विचारला.

"शेजारचा तारा घ्यायचा," ते म्हणाले. "त्याच फोटोतला, साधारण तेवढाच तेजस्वी. ढग आला तर दोघंही मंद होतात. ग्रह आला तर एकटा आपला होतो."

घरी येऊन मी हे सांगितलं, तेव्हा बाबांनी मान डोलावली. "बराबर. आमच्याकडं पन पडताळायला पुलाच्या वरल्या अंगाला एक पट्टी, खालच्या अंगाला एक पट्टी."

तोवर बाबा निवृत्त झाले होते, आणि ती निवृत्ती त्यांना पचत नव्हती. उजवा डोळा साखरेनं जवळजवळ गेला होता, डाव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी उठून ते अंगणातल्या विहिरीत दोर सोडत, पाणी किती हात खाली गेलं ते बघत आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवत. आई म्हणायची, "खात्यानं सोडला, पन यांनी खातं नाय सोडला."

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात काकांनी मला एका ताऱ्याविषयी सांगितलं. जंबुक नावाच्या अंधुक तारकासमूहात, हंसाच्या खालच्या बाजूला, साठेक प्रकाशवर्षांवर. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्याला एक ग्रह आहे हे आदल्याच वर्षी कळलं होतं. तो ग्रह ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की त्याचं एक वर्ष सव्वादोन दिवसांत संपतं, आणि प्रत्येक फेरीत तो जवळजवळ दोन तास ताऱ्यासमोर असतो. उजेड शंभरात अडीच-तीन भाग उतरतो. काकांनी ठाण्याच्या गच्चीवरून प्रयत्न केला होता, पण तिथल्या दिव्यांपुढे त्यांचं काही चाललं नव्हतं.

"तुमच्या अंगणात जमेल," ते म्हणाले. "सामान मी आणून लावून देतो. महिना-दोन महिने राहू दे तुमच्याकडेच."

काकांनी सामान आणलं त्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. ते काकांना साहेब म्हणत, आणि काकाही त्यांना साहेबच म्हणत. दोन्ही साहेबांनी मिळून अंगणात, भात झोडायच्या खळ्याच्या कडेला, दुर्बिणीचे तीन पाय कुठे ठेवायचे त्या जागा चुन्यानं आखल्या. चुलत्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली, कारण तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. गाव लोडशेडिंगला शिव्या घालायचं. आम्ही मात्र त्या वर्षी संध्याकाळी दिवे जायची वाट बघायचो.

काकांनी एक गमतीची गोष्ट शिकवली. तारा अगदी टोकदार दिसेल असा धरायचा नाही, मुद्दाम जरासा धूसर ठेवायचा. मग त्याचा उजेड कॅमेऱ्यावर पसरतो आणि मोजणी जास्त नेमकी होते. दर मिनिटाला एक फोटो. दुसऱ्या दिवशी काकांनीच दिलेल्या लॅपटॉपवर प्रत्येक फोटोत ताऱ्याभोवती गोल काढून आतला उजेड मोजायचा. आपल्या ताऱ्याचा एक आकडा, शेजारच्याचा एक.

ग्रहाचं वर्ष सव्वादोन दिवसांचं हे बाबांना फार आवडलं होतं. "म्हनजे तिकडं माणूस चार महिन्यात पेन्शनीत," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

पहिली संधी ऑक्टोबरात एका शनिवारी होती. आईनं संध्याकाळची बुद्धवंदना लवकर उरकली आणि मेणबत्त्या आतल्या खोलीत नेऊन दार ओढून घेतलं. साडेसातला आम्ही सुरू केलं. मी लॅपटॉपशी, बाबा शेजारी खुर्चीत. मांडीवर वही, एका हातात विजेरी, तिच्या काचेवर लाल कागद. त्यांना तारा दिसणार नव्हता. पण दर दहा मिनिटांनी मी सांगेन ते त्यांना लिहायचं होतं : वेळ, वारा, ढग, काय केलं. अकराच्या आसपास आम्ही थांबलो.

रविवारी सकाळी मी मोजायला बसले. बाबा म्हणाले होते की दोन्ही ताऱ्यांचे आकडे मला दे, मी ग्राफपेपरवर टिंबं मांडतो. दोन्हींचे आकडे मी लॅपटॉपमध्ये भरले खरे, पण धीर निघेना. आपल्या ताऱ्याचा आलेख तेवढा आधी काढून बघितला. साडेआठनंतर रेघ खाली उतरत गेली होती, काही वेळ तळाशी राहिली होती, आणि पावणेदहाच्या सुमारास पुन्हा वर आली होती. बशीच. जरा जास्त खोल होती, पण आपला कॅमेरा, आपली पहिलीच खेप, असेल काहीतरी, असं मीच माझं समाधान करून घेतलं. शेजारच्या ताऱ्याचा आलेख काढायचा राहिलाच.

मी काकांना फोन केला. मग राहवलं नाही म्हणून मुख्याध्यापकांनाही केला.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं निघताना सगळे आकडे कागदावर उतरवून बाबांपाशी ठेवले. शाळेत पोचले तर परिपाठाला मुख्याध्यापक उभे होते आणि सगळ्या शाळेला सांगत होते, की आपल्या बाईंनी घराच्या अंगणातून दुसऱ्या सूर्याचा ग्रह पकडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शिपाई मामांनी दिवसभर मला दोनदा जास्तीचा चहा आणून दिला.

संध्याकाळी खोलीवर आले तोच फोन वाजला. बाबा.

"बाय, दुसरा तारा पन खाली गेलाय."

"किती?"

"तेवढाच. सारखाच. आनि माझ्या वहीत शेरा हाय. नऊ चाळीसला काच पुसली. तू रुमालानं पुसलीस, आठवतंय?"

मला आठवलं. पाऊस संपल्यावर आमच्याकडे दव फार पडतं. दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर ते हळूहळू साचत गेलं होतं, दोन्ही तारे मंद होत गेले होते, आणि मी काच पुसल्यावर दोन्ही लख्ख झाले होते. खरा ग्रह त्या खड्ड्यात कुठेतरी असलाच, तर दवानं आकडे इतके डळमळले होते की तो वेगळा काढता येत नव्हता.

मी म्हणाले, "शाळेत सांगून बसलेय बाबा. टाळ्या झाल्या."

मग बाबांनी मला एक गोष्ट सांगितली, जी तोवर आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई अडली होती. बाबा रात्री चौकी सोडून घरी आले. सकाळी परत गेल्यावर त्यांनी त्या रात्रीचे राहिलेले आकडे अंदाजानं भरून टाकले. पाऊस साधा होता, कुणाला कळलंही नसतं. "दोन दिवस जेवन गेलं नाय," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी साहेबाकडं गेलो, म्हनलं हे माझे आकडे नायत. मेमो मिळाला. पन त्या रात्री मी झोपलो."

"मग मी काय करू?"

"ते तुला ठावं हाय," बाबा म्हणाले, आणि जेवून घे सांगून त्यांनी फोन ठेवला.

मंगळवारी मी परिपाठाला पुढे गेले. मी सांगितलं, की काल तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चुकीचं होतं, चूक माझी आहे, आणि ती कशी झाली ते असं. फळ्यावर दोन रेघा काढून दाखवल्या, दोन्ही सारख्याच खाली जाणाऱ्या. दवाचं ऐकून काही मुलं हसली. मुख्याध्यापक अवघडले, पण मागाहून एवढंच म्हणाले, "बाई, पुन्हा करणार ना?" शिक्षक खोलीत दोघा-तिघांनी आठवडाभर मला 'दवबाई' म्हणून घेतलं. ते लागलं, नाही असं नाही.

काकांनाही फोन करून सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या पहिल्या आलेखात शेजारच्या गच्चीवरचा ट्यूबलाइट होता. त्या शनिवारपासून विसाव्या दिवशी परत तशीच वेळ आहे, शुक्रवार. दवाचं काय करता ते बघा."

दवावर शहरात विजेवर गरम होणारा पट्टा मिळतो, असं ते म्हणाले, पण आमची वीज संध्याकाळी नसायची. मार्ग काढला आईनं. इतके दिवस ती या सगळ्याकडे लांबून बघत होती.

"काच गार पडते म्हनून दव बसतं ना? मंग तिला ऊब द्या. कंबर धरली का मी मिठाच्या पुरचुंडीनं शेकते, तशी."

मी आणि बाबांनी एकमेकांकडे बघितलं. पुढच्या आठवड्यात आम्ही करून बघितलं. तव्यावर खडं मीठ गरम करायचं, सुती फडक्याच्या लांब पट्टीत भरून शिवायचं, आणि ती पट्टी दुर्बिणीच्या तोंडाला बाहेरून गुंडाळायची. फार गरम असली तर तारा थरथरतो, कोमट असली तर काच कोरडी राहते. आईनं अशा दोन पट्ट्या केल्या. एक नळीवर, एक चुलीशी, दर अर्ध्या तासाला अदलाबदल. पुढे कोरडा पुठ्ठा वळून लांब टोपी लावली, तिला आतून काळा कागद.

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दिवाळी होऊन गेली होती, भात कापून खळ्यावर आलं होतं, आणि झोडणीची धूळ उडू नये म्हणून बाबांनी चुलत्यांना त्या दिवशीचं काम दुपारीच बंद ठेवायला लावलं होतं. वरच्या आळीत आकाशकंदील अजून लटकत होते. सातला लोडशेडिंग झालं आणि सगळे एकदम विझले. सिद्धगडाची कड आणि वर आकाश, एवढंच उरलं.

साडेसहापासूनच मी दुर्बीण लावून तयार होते. मी वेळ सांगत होते, बाबा लिहीत होते, आई पट्ट्या बदलत होती. बदलताना नळीला धक्का लागू नये म्हणून ती श्वास रोखून धरायची. मी दर पंधरा मिनिटांनी काचेवर विजेरी न लावता तिरकं बघत होते. काच कोरडी होती. तारा पश्चिमेला उतरत गेला. दहाच्या सुमाराला तो चिंचेच्या शेंड्याला टेकायला आला, तसं आम्ही थांबलो. पडद्यावर बघून काहीच कळत नव्हतं. अडीच-तीन भागांचा फरक डोळ्यांना दिसत नाही.

शनिवारी मी शाळेत फोन करून रजा वाढवली. सकाळी चहा झाल्यावर ओटीवर बसलो. या वेळी मी आलेख काढलाच नाही. नुसते आकडे वाचायचे, बाबांनी टिंबं मांडायची, आधी शेजारच्या ताऱ्याची आणि मग आपल्याची. दिसायला सोपं जावं म्हणून मोठ्या चौकटींचे ग्राफपेपर चिकटवून लांब पट्टा केला होता. बाबा डावा डोळा कागदाजवळ नेत, पेन्सिल टेकवत, "हां" म्हणत. आपल्या ताऱ्याचा आकडा आधी शेजारच्याच्या आकड्यानं भागायचा, म्हणजे दोघांना सारखं लागलेलं ढग-दव निघून जातं; तो भागाकार मी करायचे.

शेजारचा तारा हळूहळू मावळत गेला तसा सावकाश उतरला, सरळ. भागाकाराची टिंबं सुरुवातीला एका पातळीवर चालली होती, थोडी वर, थोडी खाली. मग सात चाळीसनंतरची टिंबं सांगताना माझा आवाज बदलला असावा, कारण बाबा म्हणाले, "सावकाश सांग. तू घाई करतेस."

टिंबं खाली गेली. खाली जाऊन तिथेच राहिली. तासभराहून जास्त. साडेनऊच्या आत ती पुन्हा वर चढली आणि आधीच्या पातळीला येऊन चालायला लागली.

बाबांनी पेन्सिल ठेवली. वही उघडून शेऱ्याचा रकाना बोटानं वरपासून खालपर्यंत वाचला. पट्टी बदलली ती प्रत्येक वेळ त्यांनी आलेखावर छोट्या रेघेनं दाखवली. खड्ड्याच्या कडांशी त्यातली एकही जुळत नव्हती. मग खोली मोजली. शंभरात अडीचच्या थोडी वर.

"आता सांग काकांना," ते म्हणाले.

मी तोंडानं काही सांगितलं नाही. आलेखाचा फोटो काढून मुरबाडच्या सायबर कॅफेतून पाठवला आणि आकडेही पाठवले, दोन्ही ताऱ्यांचे. संध्याकाळी काकांचा फोन आला तो माझ्यासाठी नव्हता. "साहेबांना द्या," ते म्हणाले. बाबा फोन कानाला लावून उभे राहिले. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. बाबा फक्त म्हणाले, "व्हय साहेब. तिच्या आईनं मीठ गरम केलं व्हतं."

शाळेत मी घोषणा होऊ दिली नाही. दोन्ही आलेख, दवाचा आणि खरा, शेजारीशेजारी फलकावर लावले. खाली काही लिहिलं नाही. मधल्या सुट्टीत मुलं तिथे भांडत उभी राहायची, की यातला ग्रह कुठला. नववीच्या दोन मुली अर्ध्या तासात बरोबर उत्तर घेऊन आल्या. त्यांनी दोन्ही आलेखांतला शेजारचा तारा आधी तपासला होता.

पुढच्या तीन हिवाळ्यांत आम्ही असे बरेच आलेख काढले. काही ढगांनी खाल्ले, एक म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत गाड्यांच्या दिव्यांनी. काकांनी सामान परत मागितलं नाही. दोन हजार नऊच्या सुमाराला त्यांच्यामार्फत एक वेगळं काम आलं. एका ताऱ्याला ग्रह असेल असा संशय होता, नक्की नव्हतं, आणि जगभरच्या हौशी लोकांना वेगवेगळ्या संध्याकाळी तो बघायला सांगितलं होतं. आमच्या वाट्याला दोन संध्याकाळी आल्या. पहिलीत काही नव्हतं. दुसरीत शेवटी शेवटी चार-पाच टिंबं जराशी खाली गेल्यासारखी वाटली, आणि मग तारा डोंगराआड गेला.

"गेलीत खाली," मी म्हणाले.

"गेलीत वाटतंय," बाबा म्हणाले. "वाटतंय असंच लिव."

तसंच लिहून काकांकडे पाठवलं; ग्रह खरा का ते तिकडून कळणार होतं. त्यानंतर दर शनिवारी मी एसटीतून उतरून अंगणात पाय ठेवला की ते ओटीवरून विचारायचे, "आलं काय उत्तर?" नाही म्हटलं तरी त्यांचा चेहरा पडायचा नाही. येईल, म्हणायचे, आणि माझ्या हातातली पिशवी घ्यायचे.